राजदूत मोटारसायकलला एलईडी लावून घेताना माझी झालेली फसवणूक

भेरूघाटाची चढण दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो आणि हेडलाइट एकदम गेला. आधी मंद झाला, लुकलुकला असं काही नाही. होता आणि नव्हता. मागे बायको बसलेली, चोरलहून इंदूरला परत येत होतो, पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळचे साडेसात. मागचा लाल दिवाही त्याच वेळी गेला होता, पण ते मला कळलं मागून येणाऱ्या ट्रकने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक मारला तेव्हा. गाडी ढकलत कडेला घेतली. बायकोचा हात माझ्या खांद्यावर होता, तो थरथरत होता हे मला अजून आठवतं. शेवटी एका कारवाल्या भल्या माणसाने आमच्या मागे हळूहळू गाडी ठेवून सिमरोलपर्यंत उजेड दिला.

जुन्या गाड्या जपणारी बरीच मराठी मंडळी इंदूरमध्ये आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी माझ्या वडिलांची. १९७९ची राजदूत १७५. एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेली, मूळ घडण पोलंडच्या एसएचएल एम ११ या मोटारसायकलची. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते आणि मिल १९९१मध्ये बंद पडेपर्यंत याच गाडीवर पाळीला जायचे. रात्रपाळीहून येताना गल्लीच्या तोंडाशी तो पिवळा उजेड दिसला की आई चहाचं आधण ठेवायची. तो पिवळा उजेड मात्र अलीकडे फारच मंद झाला होता. गाडी ६ व्होल्टची, ३५/३५ वॅटचा बल्ब, आणि दिवा थेट मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर चालतो. म्हणजे रेस दिली की उजेड वाढतो, सिग्नलला उभं राहिलं की काजवा होतो. बायपासवर तर समोरच्या गाड्यांच्या झोतात मला रस्ताच दिसेना. म्हणून एलईडीचा विचार केला. विचार चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. माणूस चुकीचा निवडला.

तो माणूस आपल्यातला होता आणि मी तिथेच फसलो. दुकानात शिरल्यावर मी हिंदीत बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "काका, मराठीत बोला ना, माझी आजी रामबागेतली." मग गणपती उत्सवापासून गप्पा सुरू झाल्या. मी आणि माझ्यासारखे अनेक जण या शहरात मराठी कानावर पडली की निम्मी चौकशी सोडून देतो. समोरचा काय काम करणार आहे हे विचारायच्या आधीच आपण त्याला घरचा मानलेलं असतं.

त्याने सांगितलं ते ऐकायला बिनचूक होतं. ६ व्होल्टवर एलईडी नीट चालत नाही, म्हणून मॅग्नेट खोलून लाइट कॉइल १२ व्होल्टची गुंडाळायची, व्होल्टेज आवरून एसीचं डीसी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर लावायचा आणि मग बल्ब. "काका, एकदा करा, वीस वर्षं बघायला नको." हिशेब असा: कॉइल १,८०० रुपये, रेग्युलेटर ८५०, बल्ब १,४५०, मजुरी ५००. एकूण ४,६०० रुपये. बल्बच्या खोक्यावर ३६ वॅट आणि ८,००० ल्युमेन छापलेलं होतं. मी पक्कं बिल मागितलं तर एका चिठ्ठीवर नुसती बेरीज लिहून दिली. पैसे मोबाइलवरून दिले तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. "भावाचं खातं आहे" म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो. दुकानासमोरच्या भिंतीवर दिवा मारून दाखवला. पांढराशुभ्र झोत, डोळे दिपले, मी खूश. भिंत चार हातांवर होती. चार हातांवर कुठलाही एलईडी लखलखीतच दिसतो, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

शहरातल्या रस्त्यावरच्या दिव्यांमध्ये दोष लपून राहिला. पण तेजाजी नगरच्या पुढे एका अंधाऱ्या पट्ट्यात समोरून दूधवाला येत होता. त्याने माझ्या दिव्याकडे बघून एक हात डोळ्यांवर धरला, दुसऱ्या हातातलं हँडल डगमगलं आणि तो कच्च्यावर उतरला. मी डिपर मारलेला होता, म्हणजे झोत खाली केलेला होता. तरीही तो त्याच्या डोळ्यांवर जात होता. आणि माझ्यासमोर? मधोमध एक पांढरा डाग, त्याच्या खाली चाकापुढची जमीन काळी. खड्डा दिसायचा तो चाक आत गेल्यावर.

याचं कारण साधं आहे. जुना रिफ्लेक्टर घडवलेला असतो बल्बच्या तारेसाठी. ती बारीक तार नेमक्या एका जागी असली तरच वाटीच्या आतला उजेड काचेवरच्या रेघांतून रस्त्यावर पसरतो. एलईडीचे पिवळे तुकडे पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले असतात. ते त्या जागेपासून जरासे जरी सरकले तरी उजेड वर आणि बाजूला फेकला जातो. त्यासाठी आपला कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झोताने दिपता कामा नये. ही परीक्षा घरच्या घरी होते. संध्याकाळी गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करा, स्वार गाडीवर बसलेला असू द्या, भिंतीवर दीड मीटरला खडूची रेघ मारा. डिपरचा झोत रेघेच्या खाली राहायला हवा. दुकानदार चार हातांवरची भिंत दाखवायला लागला तर गाडी मागे घ्यायला सांगा.

भेरूघाटातल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी गाडी छावणीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. वडीलही त्यांच्याकडेच जायचे. मी मधली काही वर्षं गेलो नव्हतो, कारण त्यांच्याकडे काम उशिरा होतं. त्यांनी आधी दिव्याला हातही लावला नाही. इंजिनाचं साइड कव्हर काढलं, वाकून मॅग्नेटचा नट बघितला आणि मला जवळ बोलावलं. नटाच्या कडांवर तेल आणि धुळीचा काळा थर वाळून बसलेला. नखाने खरवडला तर खपली निघाली. "भैयाजी, ये तो बरसों से खुला ही नहीं." मॅग्नेट काढायला पुलर हे ओढून काढायचं हत्यार लावावं लागतं, त्याच्या खुणा पडतात. इथे एकही ओरखडा नव्हता. कॉइल गुंडाळणं दूर राहिलं, तिच्यापर्यंत कुणाचा हातही पोचला नव्हता. १,८०० रुपये तिथेच गेले.

मग हेडलाइटचा डोम, म्हणजे दिव्याची वाटी, उघडली. आत काळ्या टेपचं एक गाठोडं. टेप सोडवत गेले तसतसं त्यातून काडेपेटीएवढी हिरवी पट्टी बाहेर आली. व्होल्टेज वाढवणारं सर्किट, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शंभर-दीडशेला मिळतं तसलं. तिच्यावरच्या दोन कपॅसिटरपैकी एकाचं डोकं फुगून फाटलं होतं आणि जळका वास अजून येत होता. रेग्युलेटर कुठेच नव्हता. हेच ते ४,६०० रुपयांचं १२ व्होल्ट.

जळालं का, तेही मिस्त्रींनी दाखवलं. या गाड्यांचा मॅग्नेट ३५ वॅटचा बल्ब ओढायच्या हिशेबाने बनवलेला असतो. तो बल्बच व्होल्टेजला आवर घालतो. ओझं काढून घेतलं आणि रेस दिली की व्होल्टेज उसळतं. त्यांनी दिव्याची वायर मोकळी करून मीटर लावला आणि रेस दिली, आकडा तिशीच्या पुढे गेला. जुना बल्ब जोडला, तो सातच्या आसपास बसला. माझा ३६ वॅटचा म्हणून विकलेला एलईडी त्यांनी बाहेरच्या बॅटरीवर मोजला, तर १० वॅटसुद्धा खात नव्हता. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत होतं, ओझं नव्हतं, म्हणून सर्किट फुटलं आणि मागचा ६ व्होल्टचा बल्बही त्याच झटक्यात उडाला. म्हणून एलईडी लावायचाच असेल तर मॅग्नेटच्या एसी विजेवर चालणारा रेग्युलेटर त्याच्या आधी हवा. तो न लावता नुसता बल्ब बदलून देणाऱ्याला गाडी समजलेली नाही, किंवा त्याला तुमची पर्वा नाही.

८,००० ल्युमेनचंही तसंच. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे ८,००० ल्युमेनला ८० वॅट पाहिजेत. राजदूतच्या मॅग्नेटमध्ये ते कुठून येणार? आजच्या गाड्यांमधला ६०/५५ वॅटचा एच ४ हॅलोजन बल्ब अपरवर, म्हणजे लांबच्या झोतावर, १,६५० ल्युमेनचा असतो, हा आकडा लक्षात ठेवला की खोक्यावरचं खोटं लगेच कळतं.

पैशांचं दुःख मी विसरलो असतो. पण डोम उघडल्यावर मी काच हातात घेतली आणि डावीकडे खाली अंगठा फिरवला. तिथे एक छोटा टवका होता. मी सातवीत असताना जुनी इंदौरमध्ये गाडी स्टँडवरून पडली होती, तेव्हाचा. वडील मला रागावले नाहीत, नुसता त्या टवक्यावरून बोट फिरवत बसले. हातातल्या काचेची कडा गुळगुळीत होती. काच आणि रिफ्लेक्टर दोन्ही बदललेले. जुना जाड काचेचा अख्खा सेट काढून हलका नवा बसवला होता आणि मला त्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

या जुन्या भागांना आता गिऱ्हाईक आहे. २०२१मध्ये केंद्राने नियम केला की ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तेव्हापासून मूळ काच, मूळ मीटर, मूळ टाकी यांना भाव आला आहे. माझी गाडी २०२९मध्ये पन्नाशीची होईल. बल्बच्या कामात खरी कमाई या काढून घेतलेल्या सामानाची होती, असं मला आता वाटतं.

मी दुकानात परत गेलो. त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "काका, काच तर तुमचीच आहे. वयामुळे आठवत नसेल." कॉइलबद्दल विचारलं तर कारागीर गावी गेलाय. माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. गाडी देताना हेडलाइट, मीटर, मॅग्नेटचं कव्हर यांचे जवळून फोटो काढून त्याच्याच मोबाइलवर पाठवून ठेवले असते तर त्याला हे बोलता आलं नसतं. निघालेलं सगळं जुनं सामान पिशवीत परत हवं, असंही मी म्हणायला हवं होतं. आणि मॅग्नेट खोलायचा त्या वेळी समोर बसायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. मोबाइलवरच्या पैशांची नोंद आणि त्याच्याशी झालेले मेसेज जोडले. त्यानंतर त्याने बल्बचे १,४५० रुपये परत केले, बाकीचे नाहीत. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. छावणीच्या मिस्त्रींनी नटाचं आणि सर्किटचं जे दिसलं ते कागदावर लिहून सही करून दिलं. त्यांना कुणाच्या भानगडीत पडायची गरज नव्हती, तरी दिलं.

गाडीवर सध्या एलईडी नाही. मिस्त्रींनी जुना ३५/३५चा बल्बच लावला, पण आधी हेडलाइटची गंजलेली अर्थिंग घासून काढली, स्विचपासून होल्डरपर्यंत जाड नवी वायर टाकली आणि होल्डरची टोकं साफ केली. मोजलं तर जुन्या वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट वाया जात होता. ६ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट गेला की तारेच्या बल्बचा पाव उजेड जातो. लागले ३८० रुपये. मला जो दिवा मंद वाटत होता त्याचा बराचसा दोष बल्बचा नव्हताच. बायपासवर आता रस्ता दिसतो. दिवसासारखा नाही, पण चाकापुढची जमीन दिसते आणि समोरचा हात डोळ्यांवर धरत नाही.

काच अजून मिळालेली नाही. जुन्या सामानाच्या दुकानात किंवा कुणाच्या गाडीवर राजदूतची जाड काच दिसली, तर डावीकडे खाली, साधारण सात वाजतात त्या जागी, अंगठा फिरवून बघा. तांदळाच्या दाण्याएवढा टवका लागला तर मला कळवा. मागतील ती किंमत देऊन घेईन.