आईची हाक स्वयंपाकघरापर्यंत

पक्षाघातानंतर आईचा उजवा हात उचलला जात नाही, आवाजही खोल गेलाय. ती पुढच्या खोलीत, मी मागे स्वयंपाकघरात. मिक्सर चालू असला की तिची हाक ऐकूच यायची नाही. आधी आणलेल्या वायरलेस इंटरकॉमवर बोलताना बटण दाबून धरावं लागे. ते तिला जमेना.

मग दोन एको डॉट घेतले, म्हणजे 'अलेक्सा' म्हटलं की ऐकणारे, बोलून चालवायचे छोटे स्पीकर. एक तिच्याजवळ ठेवला, एक ओट्यावर. त्यातल्या 'ड्रॉप इन' या सोयीला परवानगी दिली की समोरच्याला काही उचलावं लागत नाही, थेट बोलणं सुरू होतं. 'अलेक्सा, ड्रॉप इन ऑन किचन' हे वाक्य आम्ही चार दिवस परवच्यासारखं घोकलं. पाचव्या दिवशी ओट्यावरून तिचा आवाज आला, "भाजी लागतेय गं, वास येतोय!" मला रडूच आलं.

घेण्याआधी ज्यांच्यासाठी घेताय त्यांना पडल्यापडल्या, नेहमीच्या आवाजात बोलायला लावून, डॉटला ते कळतं का बघा. अंघोळ-कपड्यांच्या वेळी मी माइक बंद करते, तेव्हा लाल दिवा लागतो. वीज किंवा वायफाय गेलं की सगळं ठप्प, म्हणून दोन्ही डॉट आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतलेत, आणि देवघरातली घंटा तिच्या डाव्या हाताशी ठेवलीय.