कोपनहेगनहून एक दिवसाची सहल: स्वीडनचा फेरा की मॉनचे कडे?

कोपनहेगनला येणाऱ्या मित्रमंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. शहर बघून झालं, एक दिवस हातात आहे, चार-पाच जणांत गाडी घेतली तर जायचं कुठे? मी दोनच रस्ते सुचवतो. एक उत्तरेचा: हेल्सिंगऑर, तिथून बोटीने स्वीडनमधलं हेल्सिंगबोर्ग, मग लुन्द, माल्मो आणि ऑरेसुंड सामुद्रधुनीवरच्या पुलावरून परत. दुसरा दक्षिणेचा: रॉस्किल, स्टेव्हन्स क्लिंटचा समुद्रकडा आणि मॉन बेटावरचे खडूचे पांढरे कडे. दोन्ही मी मित्रांबरोबर केलेत.

स्वीडनचा फेरा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गेलेला रस्ता पुन्हा लागत नाही. मॉनचा तीनशेच्या आसपास, आणि शेवटचे सव्वाशे किलोमीटर नुसतं घरी परतणं. दमल्यावर हा फरक फार जाणवतो.

हेल्सिंगऑरला क्रोनबोर्गचा किल्ला आहे, शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा. मला मात्र तिथली जकातीची गोष्ट जास्त आवडते. इथे सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद. 1429 पासून 1857 पर्यंत इथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा जकात घ्यायचा. मालाची किंमत कप्तानानेच सांगायची, पण त्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाला असे. त्यामुळे कमी किंमत सांगायची सोय नव्हती! तटावर उभं राहून समोरचा स्वीडनचा किनारा बघितला, की ही जागा का निवडली ते न सांगता कळतं.

मग बोट. वीस मिनिटांचाच प्रवास, पण माझ्या लेखी तोच या सहलीचा गाभा. गाडी चालवणारा मित्र सकाळपासून रस्त्यावर डोळे लावून असतो; बोटीवर तोही आपल्यात येऊन बसतो. आम्ही डेकवर डबा उघडला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि मागे किल्ल्याची हिरवी तांब्याची छपरं लहान होत चाललेली. पाचही जण एकाच वेळी एकाच दिशेला बघत होतो, तेवढंच त्या दिवसात.

हेल्सिंगबोर्गला जुना बुरूज चढून पुढे निघा, कारण लुन्दला तीनच्या आत पोचायचंय. तिथलं कॅथेड्रल 1145 सालचं, आणि आत पंधराव्या शतकातलं खगोलीय घड्याळ. रविवार सोडून रोज बाराला आणि तीनला त्याचं दार उघडतं आणि लाकडी राजे येशूची आई मेरी हिच्यापुढून सरकत जातात. हा सगळा मुलूख 1658 पर्यंत डेन्मार्कचाच होता, म्हणून घरांची ठेवण ओळखीची वाटते. माल्मोत मी जास्त रेंगाळत नाही. तिथे कॉफी पुरे.

आता मॉन. रॉस्किलच्या कॅथेड्रलमध्ये डेन्मार्कचे चाळीसच्या आसपास राजे-राण्या पुरलेत. ते बघण्यासारखं आहेच, पण या रस्त्यावर जायचं ते खडकांसाठी. स्टेव्हन्स क्लिंटच्या कड्यात, पांढऱ्या खडूवर, काळसर मातीचा एक पातळ थर दिसतो. जागोजागी तो बोटभरच आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आदळलेल्या अशनीची धूळ त्यात आहे. डायनोसॉर संपले ते तेव्हाच. आपल्या सह्याद्रीचा लाव्हाही त्याच काळात वाहत होता. त्या रेघेवर बोट ठेवलं तेव्हा मला घाटातला काळा कातळ आठवला, आणि बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटेना. कड्यावरच्या होयरुप गावातल्या जुन्या चर्चचा काही भाग 1928 मध्ये समुद्रात कोसळला, उरलेलं अजून काठावर उभं आहे.

मॉनचा कडा सर्वात उंच जागी 128 मीटर. खाली जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि तेवढ्याच परत चढायच्या. कुणाचे गुडघे दुखत असतील तर आधीच विचार करा. पाऊस-वादळानंतर दरडी कोसळतात, तेव्हा काठाशी जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर स्वीडनचा फेरा महाग. बोटीचं भाडं आणि पुलाचा टोल दोन्ही जड, पण दोन्ही गाडीमागे असतात, माणशी नाही. पाच जणांत वाटले की झेपतात. पासपोर्ट जवळ हवाच, आणि भाड्याची गाडी स्वीडनला न्यायची परवानगी आधी विचारून घ्या. स्वीडनमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याचे नियम डेन्मार्कहून कडक आहेत, म्हणून चालकाने बोटीवर बिअरही घेऊ नये. आणि डेन्मार्कात वेळेची मर्यादा असलेल्या जागी गाडी लावलीत तर काचेवरची पार्किंगची चकती आल्याच्या वेळेवर फिरवा. हेल्सिंगऑरला मी ती विसरलो आणि दंड भरला.

मंडळी पहिल्यांदा येत असतील तर मी स्वीडनचाच फेरा सांगतो. डिसेंबरात तर दुसरा पर्यायच नाही: उजेड सात तासांचा, आणि मॉनला पोचेपर्यंत त्यातला निम्मा सरलेला. जून-जुलैत, रात्री दहापर्यंत उजेड असताना, गाडी आलटून-पालटून चालवणारे दोघं असतील आणि किल्ले-चर्च बघून कंटाळा आला असेल, तर मात्र डोळे मिटून मॉन गाठा. रॉस्किल गाळलंत तरी चालेल, स्टेव्हन्स गाळू नका.