सिडकोतल्या पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज, नऊ हप्ते भरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन स्टार. पतसंस्थेचं नाव टाकत नाहीये, कारण अजून २७ हप्ते बाकी आहेत आणि दर महिन्याला त्याच काउंटरवर जाऊन उभं राहायचंय मला. नाशिकच्या सिडकोतली आहे, जुनी आहे, एवढंच समजा.

माझं ब्लाऊज, फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे पवननगरच्या बाजूला. मिस्टर अंबड एमआयडीसीत, पण कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे पगाराची स्लिप असते कधी आणि नसते कधी. मागच्या मे महिन्यात दोन खर्च एकदम अंगावर आले, वरच्या खोलीचा स्लॅब गळत होता तो पावसाच्या आधी करायलाच हवा होता आणि मुलीची डिप्लोमाची फी. सगळं मिळून दोन लाख. सोनं मोडायचं नाही असं सासूबाईंना कबूल केलेलं, आणि तारण ठेवावं म्हटलं तर ते आधीच दुसरीकडे ठेवलेलं, असो.

बँकेत गेले तर पहिला प्रश्न, तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचे रिटर्न, आहेत का. नाहीत. सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरतो तो स्कोअर, काढलं तर मायनस वन आलं, म्हणजे वाईट नाही, तर कधी कर्जच घेतलेलं नाही म्हणून काहीच नाही. इतकी वर्षं कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत त्याचं हे बक्षीस! मोबाईलवरची ॲप लगेच द्यायला तयार असतात, मुलीने एक उघडलं तर त्याने आधी कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी मागितली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की कर्जाच्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो घ्यायचे नाहीत, म्हणजे जो मागतो तो कसला असेल ते तिथेच कळलं, डिलीट केलं. आणि मग उरतात गल्लीतले ते शेकडा पाचवाले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला, दोन लाखांवर महिना १० हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. आपल्याकडे सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, सावकाराला लायसन लागतं, बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, चक्रवाढ तर लावताच येत नाही. पण शेकडा पाचवाल्याकडे जाताना कायद्याचं पुस्तक घेऊन कोण जातं.

मग पतसंस्था. इथे एक गोष्ट आधी सांगते कारण मी स्वतः त्यात फसता फसता वाचले. मी आधी दुसऱ्याच एका संस्थेत गेले होते, तिथले साहेब म्हणाले, ताई आमच्याकडे फक्त बारा टक्के. मी खूश. आता जिथून घेतलं ते म्हणत होते चौदा. घरी येऊन मुलीला सांगितलं तर ती म्हणाली मम्मी हप्ता किती सांगितला ते सांग, टक्के राहू दे. बारावाल्यांचा हप्ता ७,५५६ आणि चौदावाल्यांचा ६,८३६, दोन्हीकडे दोन लाख, दोन्हीकडे ३६ महिने. मला वाटलं हिचंच काहीतरी चुकलं. मग तिने कॅल्क्युलेटरवर मांडून दाखवलं, बारावाले फ्लॅट लावतात, म्हणजे तीन वर्षं पूर्ण दोन लाखांवरच व्याज, ७२ हजार, आपण अर्धे पैसे फेडले तरी व्याज पहिल्या दिवसाच्याच रकमेवर. चौदावाले घटत्या शिल्लकीवर लावतात, जेवढं बाकी तेवढ्यावरच, ते होतं ४६ हजार. ती म्हणाली त्यांचं बारा म्हणजे घटत्या हिशोबाने एकवीसच्या वर जातं. तीन वर्षांत २६ हजारांचा फरक, आणि मी "फक्त बारा" ऐकून सही करायला निघाले होते! शिलाईत मी कापड एक इंच वाया जाऊ देत नाही आणि इथे बघा.

तर चौदावाल्यांकडे गेले. तिथे माझी ओळख होती ती पिग्मीमुळे. नऊ वर्षं त्यांचे एजंट काका रोज संध्याकाळी दुकानात येतात, आधी ५० नंतर १०० रुपये, गणपती असो दिवाळी असो. मॅनेजरने कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं, बराच वेळ खाली खाली स्क्रोल करत राहिला आणि म्हणाला, ताई तुम्ही लॉकडाऊन सोडून एक महिना पण चुकवलेला नाही. आयटीआर नाही, स्लिप नाही, पण हे चाललं. खरं सांगते बरं वाटलं. बँकेच्या सिबिलला जे दिसलं नाही ते ह्यांच्या पिग्मीच्या खात्यात होतं. पिग्मीच्या रकमेवर तारण कर्ज पण मिळतं पण माझी मुदत नुकतीच संपून नवीन चालू झालेली, त्यात जेमतेम १८ हजार होते, त्यामुळे ते काही उपयोगाचं नव्हतं.

कागद म्हणाल तर आधार, पॅन, लाईट बिल, घरपट्टीची पावती, दुकानाचं शॉप ॲक्ट, फोटो, सहा कोरे चेक (हे मला अजिबात आवडलं नाही, पण सगळीकडे घेतात म्हणे, मी निदान चेकवर नाव लिहून क्रॉस करून दिले आणि नंबर वहीत उतरवून ठेवले, तुम्हीही तसं करा), ५०० चा स्टॅम्प. पूर्वी १०० चा चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ५०० झाला. आणि दोन जामीनदार, त्यातला एक पगारदार.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. दुसरी जामीनदार लगेच मिळाली, शेजारच्या स्टेशनरीवाल्या वहिनी, त्या आधीपासून सभासद. पगारदार कोण? भाऊ गावाला शेती करतो. शेवटी माझ्या नणंदेचे मिस्टर, आम्ही दाजी म्हणतो, सातपूरच्या कंपनीत पर्मनंट. रविवारी जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली, आणि मिस्टर जेवण होईपर्यंत बोलेचनात. शेवटी ताटं उचलताना मीच विषय काढला. दाजी हो म्हणाले, लगेच म्हणाले. ताई, म्हणजे माझी नणंद, मात्र गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, वहिनी देऊ आपण सही, पण आमच्या ह्यांना पण घराचं लोन करायचंय पुढच्या वर्षी, काही अडकणार नाही ना? बरोबरच होतं हो त्यांचं. जामीनदार म्हणजे नुसती ओळख दिली असं आपण समजतो, तसं नसतं, कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच पूर्ण जामीनदाराची. हप्ते थकले तर सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला निघतो तो दोघांवर निघू शकतो. मी दाजींना हे सगळं आधी सांगितलं, लपवलं नाही. तरी त्या दिवशी ताईंनी पुरणपोळी अर्धीच खाल्ली, ते माझ्या लक्षात राहिलंय.

कर्ज मंजूर व्हायला नऊ दिवस लागले, आणि त्यातले तीन दाजींच्या शिफ्टमुळे गेले. बँकेच्या मानाने फास्टच. चेक मिळाला तेव्हा मात्र बघतच राहिले. मंजूर २,००,०००, हातात १,८५,९००. सोबत एक छोटी छापील स्लिप, शेअर्स १०,०००, प्रोसेसिंग २,०००, कर्ज विमा १,३४०, स्टॅम्प नोटरी फॉर्म ७६०. मला प्रोसेसिंगचं सांगितलं होतं, शेअर्सचं पण ओझरतं सांगितलं होतं, पण दहा हजार म्हणून कोणी नीट सांगितलं नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली अहो ते तुमचेच आहेत, कर्ज फिटलं की परत मिळतात, त्यावर डिव्हिडंड पण मिळतो. मिळतो खरा, कायद्याने जास्तीत जास्त १५ टक्के. पण स्लॅबवाल्याला मी डिव्हिडंड देऊ का? त्याचे शेवटचे बारा हजार दुकानाच्या गल्ल्यातून भागवले. आणि व्याज पूर्ण दोन लाखांवर चालू. मुलीने परत हिशोब केला, डिव्हिडंड सोडून, शेअर्स शेवटी परत येतील असं धरून सुद्धा चौदाचे सतराच्या आसपास पडतात. बँका आणि फायनान्स कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या आधी एका कागदावर सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहून द्यावा लागतो, मी इथे तसा कागद मागितला तर ती मुलगी माझ्याकडे बघतच बसली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, सहकार खात्याखाली येते, त्यामुळे इथे तो आपणच आपल्या वहीत बनवायचा. अर्धा स्टार इथे कापला. मंजूर किती विचारू नका, हातात किती ते विचारा, आणि लिहून घ्या.

पूर्ण एक स्टार कापलाय तो पुढच्या गोष्टीसाठी. माझ्या धंद्यात पितृपक्षात शुकशुकाट असतो, नवं कापड कोणी शिवत नाही, आणि नवरात्र लागलं की मग श्वास घ्यायला वेळ नसतो. हप्त्याची तारीख १०. सप्टेंबरमध्ये १० तारखेला माझ्याकडे साडेचार हजारच होते. मी स्वतः जाऊन सांगून आले की १५ ला भरते, दंड लागेल तो लावा. मान डोलावली. आणि १२ ला दुपारी दाजींना कंपनीत फोन! मला नाही, दाजींना. "तुम्ही जामीन आहात त्या खात्याचा हप्ता आलेला नाही." दाजी मशीनवर, फोन उचलला सुपरवायझरच्या समोर. संध्याकाळी ताईंचा फोन आला, आवाज अगदी शांत, वहिनी काही प्रॉब्लेम आहे का, आम्ही भरू का. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी १३ ला सकाळी मी सोनाराकडे न जाता एका गिऱ्हाईकाकडून दिवाळीच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स घेतला आणि हप्ता भरला, दंड झाला ३४ रुपये. चौतीस! एवढ्यासाठी. मॅनेजरला विचारलं तर म्हणे सिस्टीममधून जामीनदाराची यादी निघते, वसुलीचा मुलगा नवीन आहे, त्याला माहीत नव्हतं तुम्ही सांगून गेलात ते. सॉरी म्हणाला, चहा मागवला. पण तो फोन काही परत घेता येत नाही ना.

आता सुरक्षिततेचं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणाला अगं आमच्याकडे पण असंच असतं, क्रेडिट युनियन, सभासदांचीच संस्था, केंद्राकडे नोंदलेल्या असतात त्यांना कर्जावर साधारण १८ टक्क्यांची मर्यादा आणि ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा. मी म्हटलं बाबा आमच्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही. त्यामुळे कर्ज घ्यायला जाताना "ठेवी घेतायत, ठेवा थोडं" असा आग्रह झाला तरी मी पिग्मीच्या पलीकडे जात नाही. मिस्टरांच्या बरोबरीच्या एकाची एफडी अशाच एका संस्थेत अडकलीये, सहा वर्षं झाली. कोणी म्हणेल आपण तर कर्जदार, बुडाली तर आपल्याला काय, उलट बरं! तसं नाही होत. अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा हिशोब मिटवायला नेमलेला माणूस, बसतो आणि कर्जाची वसुली चालूच राहते, शेअर्सचे पैसे मात्र अडकतात. म्हणून ऑडिटचा वर्ग बघा, अ आहे का, आणि वार्षिक अहवाल मागून घ्या, त्यात थकबाकी किती टक्के ते दिलेलं असतं. सभासद झाल्यावर तो मागायचा आपला हक्क आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, मी गेले होते, हॉल भरलेला, अर्धे लोक जेवणासाठी आणि अर्धे भेटवस्तूसाठी, थकबाकीवर प्रश्न एका रिटायर्ड सरांनीच विचारला आणि सगळे त्यांच्याकडे "आवरा आता" असे बघत होते. मी पुढच्या वर्षी फ्लॅटवाल्या हिशोबाचं नाही, तर त्या जामीनदाराच्या फोनचं विचारणार आहे, आधी कर्जदाराला फोन करा असा साधा नियम करायला काय जातं.

अजून एक, ही संस्था सिबिलला काही कळवत नाही. म्हणजे मी ३६ हप्ते वेळेवर भरले तरी बँकेच्या हिशोबी मी परत मायनस वनच. हे घेण्याआधी विचारा.

मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हे लेखी आहे माझ्याकडे. दिवाळीत चांगला धंदा झाला तेव्हा २० हजार जादा भरायला गेले तर हप्ता तेवढाच ठेवून महिने कमी करू म्हणाले, पण मग ते पैसे शेवटी मुलीच्या परीक्षा फीला गेले. असो.

स्टेशनरीवाल्या वहिनींनी जानेवारीत एक लाखाचं कर्ज काढलं, त्यांना मी जामीन राहिले. नाही कसं म्हणणार. सही करताना त्याच मॅनेजरला म्हटलं, माझा नंबर लिहा, पण आधी त्यांना फोन करा. तो हसला, लिहून घेतलं की नाही माहीत नाही. सभेत मिळालेला स्टीलचा डबा मी ताईंकडे देऊन आले, त्यात आता त्यांच्याकडे शेंगदाणे असतात.

जाणार असाल तर शनिवारी दीडच्या आत जा, आणि झेरॉक्स आधीच काढून न्या, खाली दुकान आहे पण तिथे दुप्पट घेतात.