सेफ क्लस्टरचं अपग्रेड: पॅकेजांनी, कंटेनरमधून की नवाच क्लस्टर उभारून?

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात किंवा अलकापुरीतल्या एखाद्या डिझाइन ऑफिसात सेफ सापडतं ते बहुधा छोटं असतं. तीन ते पाच नोड (म्हणजे सर्व्हर), प्रत्येक डेटाच्या तीन प्रती, वर व्हर्च्युअल मशीन आणि ड्रॉइंगच्या फायली. बसवून देणारा कधीच पुण्याला नाहीतर अहमदाबादला निघून गेलेला असतो, आवृत्ती पॅसिफिक किंवा क्विन्सीवर अडकलेली असते, आणि शेठना एकच गोष्ट हवी असते: ‘बंद किती वेळ राहणार ते सांगा.’ असा क्लस्टर ज्याच्या गळ्यात पडला आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे. शेकडो डिस्कवाल्यांची गणितं वेगळी.

आधी कुठे जायचं ते ठरवा. सेफमध्ये एका वेळी फार तर दोन आवृत्त्या पुढे जाता येतं. पॅसिफिक म्हणजे 16, तिथून थेट रीफ म्हणजे 18; क्विन्सी 17, तिथून थेट स्क्विड 19. पॅसिफिकवरून एका उडीत स्क्विड गाठता येत नाही, मधे थांबा घ्यावाच लागतो. प्रत्येक आवृत्तीला साधारण दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे 2021 च्या पॅसिफिकला आता कोणी वाली नाही. म्हणून ताज्या आवृत्तीच्या पहिल्याच अंकावर झेप घ्यावी असंही नाही. पॅसिफिकच्याच सुरुवातीच्या अंकांत ओमॅपचा (साठवलेल्या वस्तूंसोबतच्या छोट्या नोंदींचा) डेटा नव्या स्वरूपात नेणाऱ्या कोडमध्ये दोष होता. माउंट होताना जलद दुरुस्ती करणारी सेटिंग कोणी चालू केलेली असेल, तर जुन्या आवृत्तीवरून आलेला डेटा बिघडू शकत होता. 16.2.7 मध्ये ते सुधारलं. ती सेटिंग मुळात बंद असते, म्हणून बरेच जण वाचले. नव्या आवृत्तीच्या दोन-तीन उपआवृत्त्या बाहेर पडू द्याव्यात, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

आता वाटा. पहिली: प्रत्येक नोडवर पॅकेज बदलत, एकेक सेवा पुन्हा सुरू करत जायचं. दुसरी: क्लस्टर सेफॲडम या सेफच्याच व्यवस्थापन साधनाच्या ताब्यात देऊन कंटेनरमधून (प्रत्येक सेवा आपापल्या बंद डब्यात चालवून) अपग्रेड करायचं. तिसरी: शेजारी नवा क्लस्टर उभारून डेटा तिकडे न्यायचा. लोक या तिघींची तुलना वेळेवर करतात. मला विचाराल तर आधी बघायचं ते हे की बिनसलं तर परत फिरता येतं का. सेफ मुख्य आवृत्ती मागे नेऊ देत नाही. मॉनिटर (क्लस्टरचा नकाशा सांभाळणाऱ्या सेवा) एकदा नव्या आवृत्तीवर उठले की त्यांचा साठा जुन्या आवृत्तीच्या कामाचा राहत नाही. म्हणजे पहिल्या दोन वाटांवर परतीचं तिकीट नाही, आणि त्यांच्यातली निवड ब्रेक कोणाच्या पायाखाली हवा एवढीच उरते.

हाताने करताना क्रम ठरलेला आहे: मॉनिटर, मग मॅनेजर (देखरेखीची सेवा), मग ओएसडी (प्रत्येक डिस्क सांभाळणारी सेवा), शेवटी एमडीएस (फायलींची यादी सांभाळणारी सेवा) आणि गेटवे. सुरू करण्याआधी क्लस्टरची तब्येत ठणठणीत हवी आणि नोआउट, म्हणजे ‘डिस्क बाद धरू नका’ ही खूण, लावलेलं हवं. ते नसेल तर खाली गेलेली डिस्क दहा मिनिटांनी बाद धरली जाते आणि डेटाची उगाच हलवाहलव सुरू होते. सेफएफएस (सेफची फाइल सिस्टिम) वापरत असाल तर सक्रिय एमडीएस एकावर आणा. एका नोडचे ओएसडी बदलले की डेटाचे सगळे भाग पुन्हा निरोगी होईपर्यंत पुढच्या नोडला हात लावायचा नाही. एखादी डिस्क थांबवली तर चालेल का, हे सेफला विचारण्याची आज्ञा आहे. ती दर वेळी विचारायची, आळस करायचा नाही. सगळं झाल्यावर किमान ओएसडी आवृत्ती रीफ किंवा स्क्विड अशी जाहीर करायची आणि नोआउट काढायचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात. मग महिन्याभराने डिस्क मरते आणि क्लस्टर तिची जागा भरायला हलतच नाही.

सेफॲडम 2020 च्या ऑक्टोपसबरोबर आलं. एक आज्ञा दिली की ते आधी मॅनेजर, मग मॉनिटर, मग बाकीचं असं स्वतः बदलत जातं. थांबवणं सुरक्षित आहे का तेही तपासतं, आणि मधे थांबवून पुन्हा चालू करता येतं. कागदावर पहिल्या वाटेपेक्षा सरसच. पण तुमचा क्लस्टर आज पॅकेजांवर असेल तर आधी तो सेफॲडमने दत्तक घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक नोडवर पॉडमॅन किंवा डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) आणि एसएसएचची मोकळी वाट हवी. मॉनिटर, मॅनेजर, ओएसडी जसेच्या तसे घेतले जातात. एमडीएस आणि गेटवे मात्र नव्याने लावावे लागतात. एकच मॅनेजर असेल तर अपग्रेड सुरूच होत नाही, दुसरा तयारीत लागतो. कंटेनरची इमेज इंटरनेटवरून उतरते, म्हणून जीआयडीसीतल्या लहरी लाइनवर भिस्त ठेवण्यापेक्षा ती आधीच स्थानिक रजिस्ट्रीत आणून ठेवलेली बरी. लॉगही नेहमीच्या फोल्डरात नसतात, जर्नलमध्ये जातात. मध्यरात्री ते शोधत बसणं नको. दत्तक आणि अपग्रेड एकाच रात्री उरकू नका. मधे दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या, म्हणजे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल.

प्रॉक्समॉक्सवाल्यांना (त्या प्रणालीवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना) हा प्रश्नच नाही. तिथे सेफ पॅकेजांनीच येतं, सेफॲडमला त्यात घुसवू नये. प्रॉक्समॉक्स 7 वरून 8 वर जाणार असाल तर आधी सेफ क्विन्सीवर आणा, मग प्रॉक्समॉक्स.

तिसरी वाट शेठना पटवणं सगळ्यात अवघड, कारण तिला पैसे लागतात. 20 टीबी डेटाच्या तीन प्रती म्हणजे 60 टीबी, आणि डिस्क 85 टक्के भरल्या की सेफ इशारा देऊ लागतं, म्हणून 71 टीबीच्या खाली उतरूच नका. शिवाय नोड, नेटवर्क, वीज. बदल्यात हवी ती आवृत्ती एकदम मिळते आणि जुना क्लस्टर शाबूत राहतो. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क मिररिंगने नेता येतात, किंवा प्रॉक्समॉक्समधून चालू असतानाच हलवता येतात. एक लक्षात ठेवा: नव्यावर काम सुरू झाल्यानंतर लिहिलेलं जुन्यावर नसतं, त्यामुळे परतीची वाट दर दिवशी अरुंद होत जाते. काही ठिकाणी मात्र हीच वाट सोयीची पडते. ओएसडी अजून फाइलस्टोअरवर (डिस्कवर डेटा ठेवण्याच्या जुन्या पद्धतीवर) असतील तर रीफ त्यांना घेत नाही, प्रत्येक डिस्क नव्याने बांधावी लागते. खाली सेंटओएस 7 हे लिनक्स असेल तर त्याचा आधार 30 जून 2024 ला संपला. आणि सर्व्हरची खोली तळमजल्यावर, विश्वामित्रीच्या बाजूला असेल, तर 2019 आणि 2024 च्या पुरानंतर नवे नोड वरच्या मजल्यावर मांडायची याहून चांगली सबब मिळणार नाही.

नोड किती, यानेही पारडं फिरतं. तीन नोडांत एक अपग्रेडसाठी खाली असताना दुसऱ्यातली डिस्क गेली, तर तिच्यावरच्या भागांची एकच प्रत उरते. किमान दोन प्रतींचा नियम लागू असल्याने त्या भागांचं वाचन-लेखन थांबतं आणि व्हर्च्युअल मशीन लटकतात. तो नियम एकवर आणून वेळ मारून नेऊ नका. पाच नोडांत अशा कात्रीत सापडणारे भाग बरेच कमी असतात. तीनवाल्यांनी अपग्रेडच्या आधी चौथा नोड घ्यावा, मग पहिली वाट धरावी.

माझा कौल सांगतो. पाच नोडांपर्यंत, ब्लूस्टोअरवर (फाइलस्टोअरनंतर आलेल्या पद्धतीवर), चालू ओएसवर असाल तर हातानेच करा. क्लस्टर वाढणार असेल किंवा सांभाळणारी माणसं बदलत राहणार असतील तर सेफॲडमकडे वळा, सावकाश. सर्व्हर सहा-सात वर्षांचे झाले असतील तर अपग्रेडवर रात्री घालवण्यापेक्षा नव्याचा खर्च मांडा.

राहिलं कधी करायचं ते. पावसाळ्यात नको. नवरात्रात तर नकोच. रात्री माणसं गरब्यात असतात, फोन कोणी उचलत नाही. पहिल्या दोन वाटांना बंद लागतच नाही, साधी मंगळवार-बुधवारची रात्र पुरते. नव्या क्लस्टरवर बदली करायची असेल तर दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत कारखाने बंद असतात, तेच दिवस सोयीचे. फक्त तेव्हा डिस्क विकणाऱ्यांचीही दुकानं बंद असतात, म्हणून दोन जादा डिस्क आणि एक नेटवर्क कार्ड धनत्रयोदशीच्या आधीच कपाटात आणून ठेवा.