शेळ्यांचे जंत: औषध आलटून-पालटून द्यावं की दोन एकदम?

मिरगाच्या तोंडावर सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेळीवाल्यांपुढे हा प्रश्न येतोच. आधी दुकानातल्या 'दोन औषधं एकत्र' असलेल्या बाटल्या नीट पाहू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

ऑक्सिक्लोझानाइड आणि लेव्हामिसोल ही ओळखीची जोडी. पहिलं चपट्या कृमींवर चालतं, दुसरं गोल जंतांवर. चपटे कृमी पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरतात, त्यामुळे भातखाचरांच्या बांधावर, पाणथळीत चरणाऱ्या जनावरांना ही जोडी उपयोगाची. फक्त कातळसड्यावर चरणाऱ्या कळपाला तिची गरज कमीच. पण गोल जंतांपुरतं पाहिलं तर इथे औषध एकच आहे. लेव्हामिसोलला जंत दाद देत नसतील, तर बाटलीवर दोन नावं असून उपयोग नाही.

खरी जोडी म्हणजे एकाच जंतावर दोन वेगळ्या वाटांनी घाव. शेळीचं रक्त पिणारा हिमॉन्कस घ्या. अल्बेंडाझोल त्याच्या पेशींची रचना मोडतं, लेव्हामिसोल त्याला लुळं करतं. पोटात 1000 जंत आहेत आणि प्रत्येक औषध 90 टक्के मारतं असं धरा. एकाच औषधाने 100 उरतात, दोन्हींनी 10. तेच प्रत्येक औषध 60 टक्क्यांवर घसरलं असेल, तर दोन्ही देऊनही 160 उरतात. म्हणून जोडी लावायची ती दोन्ही औषधं धड असतानाच. आणि अल्बेंडाझोलसोबत फेनबेंडाझोल देणं म्हणजे पैसे वाया, दोन्ही एकाच कुळातली.

आलटून-पालटून देणं स्वस्त आणि सोपं, हे खरं. पण प्रत्येक पाळीत एकाच औषधातून वाचलेले जंत पुढची पिढी वाढवतात. काही वर्षांनी दोन्ही औषधं एकामागोमाग निकामी होऊ शकतात.

माझं मत विचाराल तर बाजारातून आणलेल्या शेळीला जोडीच द्या आणि तिला काही दिवस वेगळी बांधा. परक्या गोठ्यातले चिवट जंत आपल्या रानात सोडायचे नाहीत. घरच्या कळपाला मात्र सरसकट जोडी नको. खालची पापणी उलटून पाहा. लालबुंद असेल त्या धडधाकट शेळीला सोडून द्या. फिकट, पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली पाण्याची सूज असेल तिलाच औषध पाजा. औषध न दिलेल्या शेळ्यांमधले, औषधाला बळी पडणारे जंत रानात टिकतात आणि चिवट जंतांचं प्रमाण वाढू देत नाहीत. कोकण कन्याळ असो की गावठी, हे सगळ्यांना लागू.

जोडी देताना प्रत्येक औषधाचा पूर्ण डोस, वेगवेगळ्या सिरिंजने. घरी एका बाटलीत मिसळू नका. शेळीचा डोस मेंढीपेक्षा वेगळा असतो आणि लेव्हामिसोल जास्त झालं तर जिवावर बेततं, म्हणून वजन करून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा.

कुठलाही मार्ग निवडलात तरी औषधाआधी आणि नंतर 14 दिवसांनी ताज्या लेंड्या तपासायला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अंड्यांची संख्या किमान 95 टक्क्यांनी घटली नसेल, तर ते औषध तुमच्या गोठ्यात थकलंय असं धरा आणि डॉक्टरांना दुसऱ्या कुळातलं विचारा.