सेकंडहँड स्टुडिओ लाइट: वायरवाला जोड की बॅटरीवाला एकटा?

दिवाळीनंतर एकाच आठवड्यात माझ्यासमोर दोन सौदे आले. सोलापूरच्या नवी पेठेतला एक जुना स्टुडिओ बंद होत होता. तिथले ४०० जूलचे (जूल म्हणजे एका फ्लॅशची ताकद) दोन वायरवाले फ्लॅश लाइट, दोन स्टँड, एक सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारा कापडी खोका) आणि एक छत्री, सगळं मिळून १४,००० रुपये. दुसरीकडे लग्नाची कामं करणाऱ्या एका पोराचा बॅटरीवर चालणारा फ्लॅश, गोडॉक्स एडी २००, ट्रिगरसकट (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा रिमोट) १५,००० रुपये. खिशात पैसे एकापुरतेच.

माझं पोट भरतं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगवर. मधूनच कुणाचं तरी प्री-वेडिंग. तुमचं काम याच्या उलट असेल, तर खालचा हिशोबही उलटा वाचा.

आधी ताकद. एडी २०० हा २०० जूलचा, म्हणजे ४०० वाल्यापेक्षा बरोबर एक स्टॉप कमी, निम्मा प्रकाश. ४०० वाल्याला लेन्सचं भोक एफ ११ इतकं बारीक चालत असेल, तर एडीला ते एफ ८ पर्यंत मोठं करावं लागतं. चेहऱ्याच्या फोटोला हा फरक जाणवतही नाही. पण टॉवेलची थप्पी पुढून मागपर्यंत शार्प हवी असते, म्हणजे भोक बारीक आणि प्रकाश जास्त, आणि लाइट बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा लागतो. तेव्हाच टेरीचे (टॉवेलच्या कापडाचे) लूप उठून दिसतात. वर सॉफ्टबॉक्सचं कापड अजून एखादा स्टॉप खातं. शिवाय समोरची सावली उचलायला दुसरा लाइट लागतो, आणि तो जोडीत आयता मिळतो. (कुणी म्हणेल, एलईडी घे की. ६० वॉटचा एलईडी १/१२५ सेकंदात अर्धा जूलही वीज वापरत नाही. व्हिडिओला उत्तम, माझ्या कामाला नाही.)

बाहेरच्या कामात मात्र बॅटरीवाल्याला तोड नाही. कंपनीच्या सांगण्यानुसार एका चार्जमध्ये फुल पॉवरचे सुमारे ५०० फ्लॅश, आणि हाय स्पीड सिंक (वेगवान शटरशीही फ्लॅशचा मेळ बसवणारी सोय) असल्याने १/८००० सेकंदापर्यंत शटर चालतं. भुईकोट किल्ल्यात भर दुपारी मागचं आभाळ सांभाळून जोडप्याचा फोटो काढायचा तर हे लागतंच. माझ्यासमोरच्या वायरवाल्यांची मजल १/२०० पर्यंत. त्यांना प्लगही हवा, आणि वीज गेली की काम थांबलं. घरातल्या स्वस्त इन्व्हर्टरवर ते लावायच्या भानगडीत पडू नका. चार्ज होताना ते एकदम करंट ओढतात.

इथपर्यंतचं कोणत्याही दुकानदाराकडून कळेल. जुना माल घेताना खरा प्रश्न वेगळा असतो: यातलं काय झिजलंय, आणि ते मला जागेवर तपासता येईल का?

बॅटरीवाल्यात झिजते बॅटरी. लिथियमची बॅटरी वापरून झिजते तशी नुसती पडूनही झिजते, आणि उन्हात तर लवकरच. आपल्याकडचा मे महिना आणि काच लावून उभी केलेली गाडी, एवढं पुरतं. म्हणून बॅटरी काढून परत बसवून बघा. अडकत असेल तर ती फुगलीय, तिथूनच नमस्कार करा. सरळ बसली तर फुल चार्ज करायला लावून मध्ये थोडं थांबत फुल पॉवरचे १०० फ्लॅश मारा. साधारण पाचवा हिस्सा उतरायला हवा. मी मारले तेव्हा चार्ज निम्म्याच्या खाली गेला. पोरगं प्रामाणिक होतं, म्हणालं, "दादा, सीझनला दिवसातून दोनदा चार्ज करतो." म्हणजे पंधरा हजारांवर नव्या बॅटरीचे पैसे वेगळे धरायचे.

वायरवाल्यात झिजतात कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) आणि ट्यूब (फ्लॅशची काचेची नळी). स्टुडिओवाल्या काकांना विचारलं, "काका, शेवटचे कधी लावले होते?"

"कोरोनापासून हात नाही लावला बघ."

वर्षानुवर्षं बंद पडलेला कपॅसिटर पहिल्याच झटक्याला फुल चार्ज केला तर जाण्याची भीती असते. म्हणून दोन्ही लाइट सगळ्यात कमी पॉवरवर चालू ठेवले, मधून मधून एखादा फ्लॅश मारला, आणि तासभर चहा-गप्पांत घालवला. मॉडेलिंग लॅम्प (प्रकाश कुठे पडेल ते आधी दाखवणारा दिवा) लागताच जळक्या कापसाचा वास सुटला. मागच्या जाळीतून बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी लव बसलेली. कापडाच्या गावातला स्टुडिओ, दुसरं काय निघणार! लव ब्रशने निघते. पण पंखा फिरत नसेल तर लाइट उन्हाळ्यात वारंवार गरम होऊन बंद पडेल. बॉडी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते.

मग पिशवीतून पांढरा टॉवेल काढला. जुना लाइट बघायला जाताना मी तो नेतोच. टॉवेल भिंतीला टांगला, कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, १/१२५, एफ ८, आणि फुल पॉवरवर ओळीने २० फ्रेम. पहिल्या लाइटच्या वीसही फ्रेम एकसारख्या आल्या. दुसऱ्याच्या चार फ्रेम काळवंडलेल्या. तयार झाल्याचा बीप वाजल्यावर आणखी दोन सेकंद थांबून पुन्हा वीस काढल्या, तर सगळ्या नीट. म्हणजे बीप लवकर वाजत होता, चार्ज मागून पुरा होत होता. माझ्या कामाला चालतं, टॉवेल कुठे पळत नाही. नाचणाऱ्या वरातीला चाललं नसतं. ट्यूबही बघितली: टोकांना किंचित काळसर, मधली काच स्वच्छ. मधली काच काळी पडली असती किंवा तडा असता तर सोडूनच दिलं असतं.

आणखी दोन गोष्टी, पटकन. लाइटला बोवेन्स कंपनीचं माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची जागा) आहे का बघा. ती कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, पण माउंट जिवंत आहे. गोडॉक्ससकट कितीतरी जण तेच वापरतात, त्यामुळे सॉफ्टबॉक्स कुठेही मिळतो. एलिनक्रोम कंपनीचे लाइट दणकट, पण त्यांचं माउंट वेगळं. दुसरं, जुन्या लाइटच्या सिंकच्या भोकात (कॅमेऱ्याकडून येणारी केबल लावायची जागा) व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावा. २४ व्होल्टच्या वर दिसलं तर ती केबल कॅमेऱ्याला लावू नका, कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. त्या व्होल्टेजला चालणारा रेडिओ ट्रिगर घ्या आणि त्याचे पैसे सौद्यात धरा.

दुसऱ्या लाइटचा दोष फोटोंसकट दाखवल्यावर काका १२,५०० वर आले, आणि मी जोड उचलला. लग्नाची कामं जास्त असती तर एडी २०० घेतला असता, बॅटरीच्या पैशांवरून घासाघीस करून.

त्या पोराने तो अजून विकलेला नाही. प्री-वेडिंग आलं की मी त्याच्याकडूनच दिवसाला ५०० रुपये भाड्याने आणतो. आता त्याने नवी बॅटरी घातलीय, आणि परत द्यायला गेलो की विचारतो, "दादा, किती फ्लॅश मारले?"