पीळ की वजन? दगडफेकी यंत्राची प्रतिकृती निवडताना

विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा निव्वळ हौसेखातर दगडफेकी यंत्राची चालती प्रतिकृती करायची असेल, तर खरी निवड दोनच यंत्रांत आहे: रोमन सैन्याचे ओनेजर आणि बाराव्या शतकापासून वेढ्यांत दिसू लागलेले वजनाचे ट्रेब्युशे. बॅलिस्टा, म्हणजे दोन पिळांवर चालणारे मोठ्या धनुष्यासारखे यंत्र, देखणे खरे, पण त्याचे दोन्ही पीळ सारख्या ताणाचे करता करता नाकी नऊ येतात, म्हणून ते येथे बाजूला ठेवले आहे.

ओनेजरची सारी ताकद दोरखंडाच्या पिळात असते. कंडरांच्या किंवा केसांच्या आडव्या जुडीत दांड्याचे बूड खुपसून तिला पीळ देतात, दांडा मागे खेचून अडकवतात आणि खीळ उडवली की तो उसळून वर येतो. चौथ्या शतकातील इतिहासकार अम्मिआनुस मार्केलिनुस सांगतो की, दांडा खेचायला दोन्ही बाजूंना चार-चार तरुण लागत आणि यंत्र दगडी तटावर ठेवले तर त्याच्या हादऱ्याने तटच खिळखिळा होई, म्हणून खाली गवताची ढेकळे किंवा विटा रचत. छोट्या प्रतिकृतीतही हा धक्का जाणवतो. शिवाय दोर दमट हवेत सैलावतो, त्यामुळे सकाळचा पल्ला संध्याकाळी मिळेलच असे नाही.

ट्रेब्युशेमध्ये मात्र ताकद मोजता येते, आणि माझा कौल त्यालाच आहे. तुळईच्या आखूड टोकाला जड पेटी आणि लांब टोकाला चक्क गोफण. पेटी खाली येते, गोफण गरकन फिरते आणि तिचे सुटे टोक तुळईच्या टोकावरच्या खिळ्यावरून निसटते. फेकायला टेनिसचा चेंडू घेतला, तर तो साधारण 57 ग्रॅमचा असतो. त्याच्या शंभरपट, म्हणजे 5.7 किलो वजन 30 सेंटिमीटर खाली आले, तर घर्षण व हवेचा अडथळा वगळून कमाल पल्ला सुमारे 60 मीटर निघतो. प्रत्यक्षात तो बराच कमी भरेल, पण वजन आणि उंची तीच ठेवल्यास प्रत्येक फेक जवळपास सारखी जाते. तटाच्या एकाच जागी पुनःपुन्हा मारा करायचा असेल, तर हाच गुण मोलाचा. चीनमध्ये माणसांनी दोर ओढून चालवायची यंत्रे कित्येक शतके होती. तरीही शियांगयांग या चिनी शहराला मंगोलांनी घातलेला लांबलेला वेढा 1273 मध्ये संपला, तो पश्चिमेकडून आणवलेल्या कारागिरांनी वजनाची यंत्रे उभारल्यावर.

जागा टेबलाएवढीच असेल आणि हाताशी एकच दुपार असेल, तर ओनेजर करावे. ट्रेब्युशेला मोकळे मैदान हवे आणि सगळा संयम त्या खिळ्यासाठी राखून ठेवावा लागतो: तो सरळ असला तर गोफण लवकर सुटून चेंडू उंच जातो, पुढे वाकवला तर उशिरा सुटून सपाट जातो. फारच लवकर सुटली तर चेंडू मागेही येतो, तेव्हा यंत्राच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नये.